बडोद्यात नव्यानं शिकायला आलात? पहिला मोकळा शनिवार असा घालवा

महाराष्ट्रातून बडोद्याला शिकायला आलेल्या मुलामुलींचे पहिले महिने बहुधा होस्टेल, वर्ग, मेस आणि स्टेशनजवळची झेरॉक्सची दुकानं एवढ्यातच जातात. दिवाळीला घरी गेल्यावर मावशी-काकू विचारतात, "कसं आहे गं बडोदं?" आणि उत्तर येतं, "छान आहे, शांत आहे." मला या उत्तराचं वाईट वाटतं. या शहराच्या मधून मगरींची नदी वाहते, इथे लष्करानं अ‍ॅल्युमिनियमचं शिवमंदिर बांधलंय आणि इथल्या वाचनालयात पुस्तकं काढायला काचेच्या जमिनीवरून चालत जातात. त्याची बोळवण दोन शब्दांत होऊ नये. म्हणून हा एका दिवसाचा बेत लिहिते आहे. मी इथेच शिकले, इथेच राहिले, आणि नव्या मुलांना हे सगळं दाखवायला मला मनापासून आवडतं.

चालताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बडोदं घडवणारी बरीच माणसं बाहेरून आलेली आहेत. सयाजीराव महाराज (तिसरे) मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८६३ सालचा जन्म, १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि शेतकऱ्याच्या घरातला मुलगा गादीवर आला. त्यानंतर १९३९ पर्यंत त्यांनी देशोदेशीचे शिक्षक, वास्तुविशारद, गवई, ग्रंथपाल इथे बोलावले. १९०६ पासून संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनाही. बाहेरच्या माणसाला काम देऊन आपलंसं करायची ही सवय शहरात अजून दिसते. मात्र कुणाला जागा मिळाली आणि कुणाला नाकारली, ते दोन्ही आज तुम्हाला पाहायचं आहे.

आदल्या रात्रीची तयारी

महिन्याचा पहिला किंवा तिसरा शनिवार निवडा. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सरकारी ठिकाणं बंद असू शकतात, रविवारी विद्यापीठात चिटपाखरू नसतं आणि सोमवारी राजवाडा बंद असतो. संग्रहालयाच्या आणि वाचनालयाच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

पिशवीत कॉलेजचं ओळखपत्र, आधार कार्ड, पाण्याची बाटली, ओढणी किंवा टोपी आणि सुटे पैसे. पायांत चालायचे बूट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा हाच बेत दोन सकाळींत वाटून करा. पावसाळ्यात विश्वामित्री नदीच्या पाण्याची बातमी पाहिल्याशिवाय निघू नका. २०१९ आणि २०२४ च्या पुरात अर्धं शहर पाण्यात होतं आणि मगरी थेट सोसायट्यांच्या अंगणात आल्या होत्या.

फिरायचं कसं? सिटी बसचं मोठं स्थानक रेल्वे स्टेशनजवळच आहे. रिक्षा जागोजागी मिळतात. बसण्याआधी भाडं ठरवा किंवा अ‍ॅपवरून बोलवा. बाकीचा बराच बेत पायी होतो. भाषेची धास्ती नको. हिंदी सगळीकडे चालते, जुन्या शहरात मराठी चालते. रिक्षावाल्याला "भाई", दुकानातल्या बाईंना "बेन", वयस्कर माणसाला "काका" किंवा "मासी" म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. "ओ" अशी हाक मात्र इथे कुणालाच रुचत नाही.

सकाळी सातला: ईएमई मंदिर

दिवसाची सुरुवात फतेहगंजच्या पुढे, लष्कराच्या हद्दीतल्या दक्षिणामूर्ती मंदिरापासून करा. सगळे याला ईएमई मंदिरच म्हणतात. लष्कराच्या इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या प्रशिक्षण केंद्रानं १९६६ साली हे बांधलं. पुढाकार होता ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन यांचा, आणि ते ख्रिस्ती होते. शंकराचं देऊळ, बांधायला लावणारा ख्रिस्ती अधिकारी आणि भिंतींना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पहिल्यांदा पाहताना हे देऊळ आहे यावर विश्वास बसत नाही.

बाहेर उभं राहून नीट बघा. कळस हिंदूंचा, घुमट इस्लामचा, मनोरा ख्रिस्ती, मनोऱ्यावरचा सोनेरी भाग बौद्ध आणि प्रवेशद्वार जैन पद्धतीचं. आवारातल्या झाडांखाली जुन्या दगडी मूर्ती मांडून ठेवल्या आहेत, त्याही पाहा. हे लष्करी आवार आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, फोटो काढण्याआधी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नका.

नाश्ता

इथे दोन मतं आहेत आणि मी उघडपणे शेव उसळीच्या बाजूची आहे. फतेहगंजमध्ये इडली-डोशापासून ऑम्लेटपर्यंत सगळं मिळतं, विद्यार्थ्यांचा तो हक्काचा भाग आहे. पण बडोद्याचा नाश्ता म्हणजे शेव उसळ. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर जाड शेव, कांद्याची पात, बाजूला पाव आणि वेगळ्या भांड्यात तिखट तरी. आपल्या मिसळीची आठवण येईल, पण मटकीची वाट बघू नका. कीर्तिस्तंभाजवळचं महाकाली हे शेव उसळीचं ठिकाण सगळ्यांना माहीत आहे; तिथे गर्दी असेल तर कुठल्याही नाक्यावरच्या गाडीवर खा. तरी आधी चमचाभर घालून चव घ्या, मग हात सैल सोडा.

हिरवा चिवडा, म्हणजे इथला लीलो चेवडो, आणि भाखरवडी संध्याकाळी घरी न्यायला घ्या. सकाळी घेतलंत तर दिवसभर ओझं वाहाल आणि दुपारपर्यंत पुडा संपलेला असेल.

साडेनऊ ते अकरा: विद्यापीठ, घुमट आणि फाइन आर्ट्स

तुम्ही याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत असाल तरी आज पाहुण्यासारखे आत शिरा. कला शाखेची इमारत म्हणजे १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज. तिचा घुमट देशातल्या मोठ्या घुमटांत मोजला जातो. त्याच्या खाली मधोमध उभं राहून मान वर करा. श्री अरविंद योगी होण्याच्या कितीतरी आधी याच कॉलेजात शिकवत होते. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं ते बडोद्यात होते.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा कुलगुरू झाल्या हंसा मेहता. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात "सर्व पुरुष" अशा अर्थाचे शब्द होते. तिथे "सर्व माणसं" असं हवं, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. तिथे अभ्यासाला बसाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

आता फाइन आर्ट्स. इथे घाई करू नका. १९५० साली ही शाखा सुरू झाली आणि चित्रकलेचा विभाग सांभाळायला आले नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे मराठी चित्रकार. शिल्पकलेला शंखो चौधरी बंगालकडून आले, पुढे के. जी. सुब्रमण्यन आले, आणि इथेच शिकून इथेच शिकवणारे गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट यांच्यासारखे लोक तयार झाले. आवारात झाडाखाली अर्धवट कोरलेले दगड, गंजलेले लोखंडी सांगाडे, भिंतीवर वाळत घातलेले छाप दिसतील. त्यातलं कुठलं काम पूर्ण झालंय आणि कुठलं टाकून दिलंय हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून एक नियम पाळा, कशालाही हात लावू नका. फाटकावर नाव सांगा, "बघायला आलोय" म्हणा. स्टुडिओत कुणी काम करत असेल तर दाराशी थांबून विचारा. बहुतेक जण आत बोलावतात आणि आपल्या कामाबद्दल बोलतात. प्रश्न विचारायला चित्रकलेतलं कळावं लागत नाही. "हे कशाचं केलंय?" एवढा प्रश्नसुद्धा पुरतो.

इथे भूपेन खख्खरांबद्दल सांगायलाच हवं. १९३४ साली मुंबईत जन्मलेला, चार्टर्ड अकाउंटंट झालेला हा माणूस १९६२ मध्ये बडोद्याला आला तो कलासमीक्षा शिकायला. पोटासाठी हिशेब तपासायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी साधी माणसं त्यांनी कॅनव्हासवर आणली. आणि १९८० च्या दशकात, जेव्हा आपल्याकडे हा विषय घरात उच्चारताही येत नव्हता, तेव्हा त्यांनी पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम उघडपणे रंगवलं आणि स्वतःबद्दलही लपवलं नाही. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. २००३ मध्ये बडोद्यातच ते गेले. मित्र, शेजारी, विद्यार्थी यांच्यात ते इथे चाळीसेक वर्षं राहिले. घरी किंवा गावात स्वतःबद्दल बोलता येत नाही अशी अनेक मुलं या शहरात शिकायला येतात. त्यांच्यासाठी खख्खरांचं इथलं आयुष्य हा मोठा आधार आहे असं मी मानते.

याच शाखेत २००७ साली परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून वाद पेटला आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली, हेही तुम्हाला माहीत असावं. इथली मोकळीक आपोआप टिकलेली नाही. तिच्यासाठी विद्यार्थी आणि शिक्षक त्या वेळी रस्त्यावर आले होते.

अकरा ते एक: काळा घोडा आणि कमाटीबाग

विद्यापीठातून चालत काळ्या घोड्याच्या चौकात या. मुंबईतला घोडा हलवला, इथला जागेवर आहे. घोड्यावर स्वार आहेत ते सयाजीराव. समोर कमाटीबागेचं फाटक. पाटीवर सयाजीबाग लिहिलेलं असतं, पण कमाटीबाग म्हणा, रिक्षावालाही तेच म्हणतो. १८७९ सालची ही बाग विश्वामित्रीच्या काठी पसरली आहे. आत फुलांचं घड्याळ, छोटी रेल्वे, प्राणिसंग्रहालय, तारांगण आहे. भाऊ-बहिणी भेटायला येतील तेव्हा ते दाखवा. आज दोनच ठिकाणी जायचं.

पहिलं, बडोदा संग्रहालय आणि चित्रदालन. इथे एका छताखाली इजिप्तची ममी आहे, निळ्या देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे, युरोपातली तैलचित्रं आहेत आणि अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. अकोटा म्हणजे दांडिया बाजारातून पुलानं पलीकडे गेलं की लागतं तेच अकोटा. आज तिथे इमारती आणि दवाखाने आहेत, पण जमिनीखाली दीड हजार वर्षांपूर्वीच्या मूर्ती होत्या. देवमाशासमोर सगळेच थांबतात. तुम्ही या मूर्तींसमोर जास्त वेळ थांबा. त्यांच्या डोळ्यांत चांदी भरलेली आहे, कोन बदलून बघितलं की ती चमकते.

दुसरं ठिकाण संकल्पभूमी. इथे बोलत बोलत, आईस्क्रीम खात जाऊ नका, एवढी माझी विनंती आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी १९१७ साली ते बडोद्याला आले. हुद्दा मोठा, शिक्षण त्या काळात विरळा, आणि तरी या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतले शिपाईसुद्धा कागद लांबून टाकायचे. नाव लपवून ते एका पारशी सरायीत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना तिथूनही बाहेर काढलं. कुठेही आसरा मिळेना तेव्हा मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते या बागेत झाडाखाली बसून राहिले. दिवस २३ सप्टेंबर १९१७ चा. आयुष्य कशासाठी वेचायचं ते तिथे ठरलं. दरवर्षी या तारखेला इथे दूरदूरहून लोक येतात.

शिष्यवृत्ती देणारं शहर आणि खोली नाकारणारं शहर एकच होतं. ओळखीचा कुणी आडनाव ऐकून, ताटात काय आहे ते बघून कुणाला खोली नाकारत असेल तर गप्प बसू नका. बडोद्यात राहायला आलेल्या प्रत्येकावर, विशेषतः आपण मराठी लोकांवर, ही जबाबदारी आहे.

बागेतून बाहेर पडून पुलावर या. हिवाळ्यात दुपारच्या उन्हात काठाच्या चिखलात मगरी पहुडलेल्या दिसतात. आधी ओंडका वाटतो, मग तो जबडा उघडतो. विश्वामित्रीत अशा शेकडो मगरी आहेत आणि शहर त्यांच्यासह राहतं. पुलावरूनच बघा. काठावर उतरणं, खायला टाकणं, दगड मारणं यातलं काहीही करू नका. मगर हा कायद्यानं संरक्षित प्राणी आहे. घराजवळ दिसली तर वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना फोन करायचा, हे बडोद्यातलं शाळकरी पोरही जाणतं.

कीर्तिमंदिर

पूल ओलांडला की कीर्तिमंदिर. सकाळी शेव उसळ खाल्लीत तो कीर्तिस्तंभ वेगळा. रिक्षावाल्याला नाव नीट सांगा, नाहीतर दुसऱ्या टोकाला उतराल. कीर्तिमंदिर हे गायकवाडांचं, म्हणजे सयाजीरावांच्या राजघराण्याचं स्मारक. आतल्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीराबाई, महाभारताचं युद्ध रंगवलं आहे. पुन्हा बाहेरचा माणूस, पुन्हा इथे येऊन केलेलं काम. अर्धा तास पुरे.

दुपार: रावपुरा, दांडिया बाजार, तांबेकर वाडा

आता जुन्या शहरात. कोठीवरून रावपुऱ्याकडे चालत या. दुकानांच्या पाट्यांवर जोशी, शिंदे, कदम, पवार अशी नावं दिसायला लागतील. इथली मराठी ऐका. चारपाच पिढ्या इथे राहिलेल्या घरांत "चल ने", "केवढं सरस झालंय" असं गुजराती सहज मिसळतं. कुणी असं बोललं तर हसू नका, सुधारायला जाऊ नका. दोन भाषांत वाढलेल्या माणसांचं ते घरचं बोलणं आहे. या बडोद्यानं १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलनं भरवली आहेत. मराठी वाङ्मय परिषद इथे आजही कार्यक्रम करते. तिथे गेलात की पुण्या-मुंबईत अनोळखी राहिलेल्या तुम्हाला पहिल्या भेटीतच "कुठल्या गं तुम्ही?" असं विचारणारी कुणी काकू भेटतेच, आणि गणपतीत घरी जेवायचं आमंत्रणही बहुतेक तिच्याकडूनच येतं.

जेवण इथेच करा. गुजराती थाळी घेतलीत तर डाळीत गूळ असणार आहे हे मनाशी धरून बसा. त्या गोड डाळीला नावं ठेवणारी मुलं वर्षभरानं तीच मागून घेताना मी पाहिली आहेत.

मग तांबेकर वाडा. बाहेरून एक जुना चौमजली लाकडी वाडा, भोवती दाटीची वस्ती. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. जिना चढून वर जा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. भिंती, कमानी, कोपरे, दारांच्या वरची पट्टी, सगळं चित्रांनी भरलंय. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रज यांची लढाई आहे, आणि मधूनच झग्यातली गोरी मडमसुद्धा आहे. मराठी चित्रशैलीचं इतकं सलग काम एका घरात क्वचितच उरलंय. फ्लॅश वापरू नका, भिंतीला टेकू नका. राजवाडा आणि तांबेकर वाडा यांतलं एकच पाहता येणार असेल तर मी डोळे मिटून वाड्याचं नाव घेईन.

शेजारच्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. मुसलमान उस्ताद जुम्मादादा, आणि त्यांची गादी पुढे चालवणारे शिष्य माणिकराव. मल्लखांब, लाठी, कुस्ती यांसाठी पंचक्रोशीतून मुलं इथे यायची. तिथून जवळच श्री अरविंदांचा बंगला आहे, आता अरविंद निवास म्हणून ओळखला जातो. दहा मिनिटं शांत बसायला चांगली जागा.

साडेतीनला: सेंट्रल लायब्ररी

मांडवीकडे जाताना बँक रोडवर हे वाचनालय लागतं, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातली ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला आणलं आणि संस्थानभर फुकट वाचनालयांचं जाळं विणलं. गावोगाव पेट्यांतून पुस्तकं फिरायची. इथल्या पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आहेत आणि मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या मजल्यापर्यंत यावा. विजेचे दिवे तेव्हा घरोघर नव्हते आणि कागदांच्या गर्दीत दिवा लावणं धोक्याचंही होतं. म्हणून ही सोय. आत जायला परवानगी लागते. काउंटरवर नम्रपणे विचारा, ओळखपत्र दाखवा.

इथे मराठी पुस्तकांचा मोठा विभाग आहे. सभासदत्वाचा फॉर्म आजच मागून घ्या. होस्टेलमध्ये एकटं वाटतं त्या संध्याकाळी इथे येऊन बसता येतं, कुणी काही विचारत नाही. नव्या गावात पैसे न मोजता, काही विकत न घेता तासन्‌तास बसता येईल अशी जागा माहीत असणं फार गरजेचं असतं.

बाहेर आलात की मांडवी दरवाजा. चार वेशींच्या मधोमध उभी असलेली ही कमानींची इमारत सुलतानांच्या काळातली, दुरुस्ती मराठ्यांनी केलेली. भोवतालची गर्दी भलतीच आहे. मोबाइल खिशातच ठेवा.

संध्याकाळ: सुरसागर

न्यायमंदिराच्या देखण्या इमारतीवरून सुरसागर तलावाशी या. मध्ये शंकराची उंच मूर्ती आहे, ती बसल्या जागेवरूनही दिसते. माझं लक्ष मात्र काठावरच्या संगीत महाविद्यालयाकडे असतं. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा म्हणजे आजची परफॉर्मिंग आर्ट्स शाखा. 'आफताब-ए-मौसिकी' म्हणून गौरवलेले गायक फैयाज खाँ याच शहराचे दरबार गवई. फाटकाजवळच्या फलकावर कार्यक्रमाची सूचना लावलेली असते. विद्यार्थ्यांच्या मैफली बहुतेक फुकट असतात. संध्याकाळी खिडक्यांतून तबल्याचे, घुंगरांचे आवाज येतात.

लक्ष्मीविलास राजवाडा मी मुद्दाम वगळलाय. १८९० साली पूर्ण झालेला हा वाडा, त्यातली राजा रविवर्म्यांची चित्रं आणि आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय यांना मिळून अर्धा दिवस लागतो आणि तिकीटही बऱ्यापैकी आहे. घरचे भेटायला येतील तेव्हा त्यांच्यासोबत जा.

राहायचं कसं, वागायचं कसं

हे फिरण्याइतकंच महत्त्वाचं. पहिलं वर्ष शक्यतो होस्टेलमध्येच राहा. बाहेर खोली घ्यायची तर फतेहगंज, प्रतापगंज, सयाजीगंज हे विद्यार्थ्यांचे भाग. मालक जात, धर्म, मांसाहार याबद्दल विचारतात; तुम्ही काय खाता ते आधीच स्पष्ट सांगा, लपवून राहण्यात रोजचा मनस्ताप आहे. एकट्यानं खोली बघायला जाऊ नका, वरच्या वर्गातलं कुणी बरोबर न्या, आणि पावतीशिवाय अनामत देऊ नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. परवान्याशिवाय बाळगली तरी गुन्हा आहे, आणि विद्यार्थी आहे म्हणून सूट मिळत नाही.

तुम्ही समलिंगी, ट्रान्स किंवा अजून स्वतःला शोधत असलेले असाल तर लक्ष्य ट्रस्ट ही संस्था इथे २००० सालापासून काम करते. राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल तिच्या संस्थापकांपैकी एक. तिच्याच मदतीनं २०२० मध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी गरिमा गृह हे निवारा केंद्र बडोद्यात सुरू झालं. वर्गात किंवा होस्टेलमध्ये कुणाला किती सांगायचं, हे सर्वस्वी तुमचं तुम्ही ठरवा. शहर मोकळं आहे म्हणून घाईनं सांगायचं दडपण घेऊ नका. आणि मित्रानं तुम्हाला काही सांगितलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या, दुसऱ्या कुणापुढे बोलू नका.

मन फार खचलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे. मुलींसाठी गुजरातभर १८१ अभयम हा मदत क्रमांक आहे. दोन्ही आजच फोनमध्ये जतन करा.

नवरात्रात आलात तर

मग वेगळाच बेत करा, दिवसा झोपा. बडोद्याचा गरबा मोठाल्या गोलात, एका लयीत फिरतो. हजारो माणसं एकाच वळणावर टाळी देतात. मोठ्या मैदानांचे पास लवकर संपतात, ऑगस्टपासूनच चौकशी करा. फाइन आर्ट्सचा गरबा लहान, जुन्या वळणाचा आणि मला सर्वांत प्रिय. पावलं येत नसतील तर गोलाच्या बाहेरच्या रांगेत लागा, पुढच्या माणसाच्या पायांकडे बघत दोन फेऱ्या मारा. तिसऱ्या फेरीला कुणीतरी बेन मागून सांगेलच, "आधी उजवा, मग टाळी." सांगते तसं करा, आणि परत जायची रिक्षा मैदानापासून दोन गल्ल्या लांब जाऊन धरा, फाटकासमोर भाडं दुप्पट सांगतात.